आहाराचा १२ प्रश्नांचा फॉर्म खरंच बरोबर मोजतो का, हे तपासायचं कसं?

वांगीभरीत

नमस्कार मंडळी. मी एमएस्सी न्यूट्रिशनच्या शेवटच्या वर्षाला आहे, सांगलीकडची. डेझर्टेशनचा विषय असा की बचत गटातल्या बायकांचा आहार पाच मिनिटांत कळेल असा छोटा फॉर्म बनवायचा आणि तो व्हॅलिड आहे हे दाखवायचं. फॉर्म तयार आहे, १२ प्रश्न, सगळे "गेल्या महिन्यात किती वेळा" टाइपचे. फळं, पालेभाजी, डाळ-उसळ, दूध-दही, अंडी-मटण-मासे, तळलेलं, बेकरीचं, वरून मीठ, तेल वगैरे. मूळ ढाचा स्पेनच्या एका १४ प्रश्नांच्या फॉर्मचा आहे, त्यातला ऑलिव्ह ऑइल काढून आम्ही शेंगदाणा तेल घातलंय आणि वाइनचा प्रश्न काढूनच टाकलाय (हसू नका).

गाईडचं म्हणणं असं की पाच एक्सपर्टच्या सह्या घे, क्रॉनबॅक अल्फा ०.७ च्या वर आण, मग ६० बायकांकडून फॉर्म आणि त्याच दिवशी २४ तासांचं रिकॉल (काल दिवसभरात काय-काय, किती खाल्लं ते विचारून लिहिणं) घे, पिअर्सन कोरिलेशन (दोन्ही आकडे बरोबरीने वर-खाली होतात का ते) काढ, पी व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आली, म्हणजे संबंध निव्वळ योगायोगाचा वाटत नाही, की विषय संपला. सीनियर्सची डेझर्टेशन चाळली तर सगळ्यांनी असंच केलंय. पण सिनॉप्सिसच्या वेळी एक्सटर्नल आले होते त्यांनी सरळ विचारलं की व्हॅलिड म्हणजे कशाच्या तुलनेत, आणि ज्याच्याशी तुलना करतेयस ते रिकॉल तरी बरोबर कशावरून? गाईड म्हणाल्या लक्ष नको देऊ, ते सगळ्यांना असंच विचारतात. पण माझ्या डोक्यातून जात नाहीये. डेटा अजून घ्यायचाय, म्हणजे बदल करायला वाव आहे. कोणी असं काम केलंय का?

आकडेमोड्या

त्या एक्सटर्नलना माझ्याकडून एक कटिंग पाजा. प्रश्न अगदी नेमका आहे आणि निम्मी डेझर्टेशन त्याच प्रश्नाला घाबरून लिहिलेली असतात.

आधी अल्फाचं बघू. क्रॉनबॅक अल्फा काय बघतो, तर सगळे प्रश्न एकाच गोष्टीकडे बोट दाखवतायत का. डिप्रेशनच्या प्रश्नावलीत ठीक आहे, झोप लागत नाही म्हणणारा उदास वाटतं असंही म्हणण्याची शक्यता जास्त. पण मेथी खाणारीने वडापाव खावा किंवा खाऊ नये असा काही नियम आहे का? मटण आणि फळं यांचा एकमेकांशी काय संबंध? आहाराच्या फॉर्ममध्ये अल्फा ०.३ आला तरी फॉर्म उत्तम असू शकतो आणि ०.९ आला तर उलट मला शंका येईल की बाई सगळ्याला एकच उत्तर ठोकत गेली. पाच सह्यांचंही तसंच. त्याने कळतं की प्रश्नांत काही महत्त्वाचं राहिलं नाही, तेवढं चांगलंच आहे, पण समोरची बाई खरं किती खाते ते पाच प्राध्यापकांना कुठून कळणार.

आता पिअर्सन. समजा प्रत्येक बाईने जेवढं खाल्लं त्याच्या बरोब्बर दुप्पट सांगितलं. कोरिलेशन किती? १. परफेक्ट. आणि फॉर्म मात्र शंभर टक्के जास्त दाखवतोय. कोरिलेशन फक्त क्रम सांगतं, कोण जास्त खातं कोण कमी. शिवाय एकच गोष्ट दोनदा विचारल्यावर पी व्हॅल्यू ०.०५ च्या खाली येणारच, नाही आली तर बातमी. ब्लँड आणि ऑल्टमन या दोघांनी १९८६ साली लॅन्सेटमध्ये हेच सांगितलं, की दोन मोजमापांतला फरक काढा, तो दोघांच्या सरासरीसमोर प्लॉट करा, सरासरी फरक किती आणि त्याच्या दोन्ही बाजूंना १.९६ एसडी (स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे फरक किती पसरलेत त्याचं माप) कुठपर्यंत जातात ते बघा. त्या दोन रेघांमधलं अंतर बघून स्वतःलाच विचारायचं, एवढा फरक मला चालणार आहे का. हे उत्तर कुठलंही सॉफ्टवेअर देत नाही, ते तुम्ही डेटा घेण्याआधी लिहून ठेवायचं असतं. ६० बायकांवर त्या रेघा फार ढिल्या पडतील, निदान १०० धरा.

आणि सगळ्यात मोठी गोची तर तुम्ही सांगितलीच नाहीत. फॉर्म विचारतो गेल्या महिन्याचं आणि रिकॉल विचारतं कालचं. काल एकादशी असली तर?

गप्प_बसवेना

एवढं कशाला, प्रत्येकीला ताटाचा मोबाइलवर फोटो काढायला सांगा, एआय सांगेल कॅलरी. हाकानाका.

फील्डवाली_ताई

@गप्प_बसवेना फोटोत तेल दिसतं का? दुसऱ्यांदा वाढून घेतलेला भात दिसतो का? आणि शेतात उभ्याउभ्या खाल्लेल्या शेंगा? असो.

अगं वांगीभरीत, मी बरीच वर्षं गावोगाव फिरून रिकॉल घेतलीयत, आकडेमोडीतलं मला फार कळत नाही पण रिकॉल "बरोबर" असतं का याबद्दल चार गोष्टी सांगते.

पहिली म्हणजे घरात तू कुणाला विचारतेस. जत भागातल्या एका घरात सुनेला विचारत होते, सासूबाई शेजारीच शेंगा फोडत बसलेल्या. दूध घेता का म्हटल्यावर सासूबाईंनीच उत्तर दिलं, रोज घेती की, घरची म्हैस हाय. सुनेनं मान हलवली. तुझ्या फॉर्मवर इथे "रोज" ला टिक पडली असती आणि पुढचा प्रश्न. मी म्हटलं दाखवा बरं कसं घेता, तर तो चहा निघाला. चौघांच्या चहाला एक लहान वाटी दूध, म्हणजे हिच्या वाट्याला दोन-तीन चमचे. म्हशीचं बाकी सगळं डेअरीला. कोणी खोटं बोललं नव्हतं बरं का, दूध रोज पोटात जात होतंच. म्हणूनच बायकांच्या आहारातली विविधता मोजायची जी एफएओची (यूएनची अन्न-शेती संस्था) पद्धत आहे, दहा गटांपैकी कालच्या दिवसात किमान पाच, तिच्यात १५ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तो गट धरतच नाहीत. नाहीतर आमटीवरची कोथिंबीर पालेभाजीत आणि चहा दुधात जाऊन सगळं गाव सुदृढ होतं. तुझ्या फॉर्ममध्ये चहातलं दूध वेगळं विचारलंयस का? नसेल तर आजच घाल.

दुसरी गोष्ट आमटीची. रिकॉलमध्ये "आमटी दीड वाटी" एवढं लिहून भागत नाही. पातेल्यात कोरडी डाळ किती घातली, शिजून एकूण किती वाट्या आमटी झाली आणि हिने त्यातली किती घेतली असं तीन टप्प्यांत विचारावं लागतं. डाळ २०० ग्रॅम, आमटी दहा वाट्या, हिने दीड वाटी घेतली म्हणजे तिच्या पोटात डाळ ३० ग्रॅम. आम्ही ठरावीक मापाच्या वाट्या बरोबर नेतो, आणि त्यांच्या घरातली वाटी असेल तर पाणी भरून मापात ओतून बघतो, कारण वाटी म्हणजे कुणाकडे १०० मिली तर कुणाकडे २००. आणि एवढं करूनही, घरात शेवटी जेवणारी बाई तळातली घट्ट घेते की वरचं पाणी, ते मी आजवर कुठल्या फॉर्मवर लिहू शकलेले नाही.

तिसरी, वार. आठवडी बाजार कधी असतो ते आधी विचार. बाजारानंतर दोन दिवस मेथी-शेपू-चुका असतं, मग वांगी-बटाटा, आणि शेवटी पिठलं किंवा उसळ. सगळी रिकॉल बाजाराच्या दुसऱ्या दिवशी घेतलीस तर तालुका हिरवागार दिसेल. एकीची दोन तरी रिकॉल घे, लागोपाठच्या दिवशी नाही, आणि एखादा रविवार त्यात येऊ दे, कारण मटण तेव्हाच शिजतं. श्रावणात चुकूनही काम सुरू करू नकोस. फॉर्म आषाढात भरून घेतला आणि रिकॉल श्रावणात घेतलं तर फॉर्मवर अंडी-मटण आहे आणि रिकॉलमध्ये नावाला नाही, मग तू म्हणशील फॉर्म चुकला.

आणि विचारताना सकाळपासून सुरुवात करून रात्रीपर्यंत एकदाच जायचं नाही. आधी जे आठवेल ते पटापट बोलू द्यायचं, मग विसरायच्या गोष्टींची आपण आठवण करून द्यायची (चहा, बिस्किट, लेकराच्या ताटातलं उरलेलं, पान, प्रसाद), मग वेळा, मग मापं, मग शेवटी एकदा सगळं वाचून दाखवायचं. लेकराच्या ताटातलं उरलेलं हे विचारल्याशिवाय एकही बाई सांगत नाही.

वांगीभरीत

ताई, चहाचा प्रश्न नाहीये फॉर्ममध्ये. लगेच घालते.

आकडेमोड्या, मग मी महिन्याचा फॉर्म ठेवू की "काल" वर आणू? काल विचारलं तर रिकॉलशी सरळ जुळवता येईल ना?

आकडेमोड्या

जुळवता येईल, पण मग फॉर्मचा उपयोग बदलतो. कालचं हो-नाही विचारणारे फॉर्म आहेत, डाएट क्वालिटी क्वेश्चनेअर म्हणून एक आहे, २९ हो-नाही प्रश्न, पाच मिनिटांचं काम, प्रत्येक देशासाठी तिथलेच पदार्थ घालून बनवलेला. त्याची तपासणी इथिओपिया, व्हिएतनाम आणि सॉलोमन बेटांवर बायकांमध्ये झालीय. पण त्यांचा दावा नीट वाचा, तो लोकसमूहापुरता आहे. अमुक जिल्ह्यात किती टक्के बायकांनी काल फळ खाल्लं, एवढं. त्यात एका बाईने हो चुकून म्हटलं आणि दुसरीने नाही चुकून म्हटलं तर टक्केवारी तीच राहते. त्यावरून शेजारच्या अमुक ताईंचा आहार वाईट आहे असं म्हणता येत नाही, कालचा एक दिवस म्हणजे ती बाई नाही.

तुम्हाला एकेकीचा नेहमीचा आहार हवा असेल तर महिनाच ठेवा, पण मग समोर एक रिकॉल पुरणार नाही. हार्वर्डच्या विलेट यांनी नर्सेसच्या अभ्यासातला फॉर्म तपासला (१९८५ चा पेपर), त्यात १७३ नर्सेसनी वर्षभरात चार वेळा आठवडा-आठवडाभर खाल्लेलं लिहून ठेवलं होतं. ६१ पदार्थांचा फॉर्म तपासायला एवढा खटाटोप. तुमच्याकडे एवढा वेळ नाही हे मान्य, पण दोन-तीन रिकॉल आणि त्यातून एकाच बाईच्या दिवसादिवसातला फरक वेगळा काढता येतो, तो काढून कोरिलेशन दुरुस्त करता येतं. एकाच रिकॉलमध्ये ते करायची सोयच नाही.

ओपीडी_डॉक्टर

मला इथे थोडं वेगळं म्हणायचंय. माझ्या ओपीडीत एका सकाळी मधुमेहाचे इतके पेशंट असतात की पाच मिनिटं हीसुद्धा चैन आहे. मला ग्रॅम नको, ब्लँड नको, ऑल्टमन नको. मला फक्त कळायला हवं की या माणसाला डाएटिशियनकडे पाठवायचं की नाही. त्यासाठी तीन प्रश्न पुरतात. तुम्ही लोक एका चांगल्या साध्या साधनाला इतकं तपासता की शेवटी ते कोणी वापरत नाही. एनएफएचएसमध्ये (सरकारचा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वे) तर दूध-दही, डाळ, पालेभाजी, फळं, अंडी वगैरेंचं रोज, आठवड्याला, कधीकधी, कधीच नाही एवढंच विचारतात, प्रमाणाचा पत्ताच नाही, तरी देशाचं चित्र त्यावरून काढतोच ना आपण?

आकडेमोड्या

डॉक्टर, तुमचे तीन प्रश्न पुरतात हे तुम्हाला कशावरून माहीत? मस्करी नाही करत. तुमचं काम "पाठवायचं की नाही" असं असेल तर ब्लँड-ऑल्टमन खरंच नको, तिथे सेन्सिटिव्हिटी आणि स्पेसिफिसिटी बघायची. ज्यांना खरोखर गरज होती त्यांतले किती तुमच्या तीन प्रश्नांनी पकडले आणि ज्यांना नव्हती त्यांतले किती उगाच पाठवले. ते तपासायला सुद्धा पन्नासेक पेशंटचं नीट रिकॉल लागेलच. एनएफएचएसचं म्हणाल तर ते वारंवारता विचारतात आणि वारंवारताच छापतात, ग्रॅममध्ये काही सांगतच नाहीत, त्यामुळे त्यांच्याशी भांडण नाही.

ओपीडी_डॉक्टर

मुद्दा मान्य आहे, पण पन्नास पेशंटची नीट रिकॉल घेणार कोण? ताईंसारखी माणसं आमच्याकडे पोस्टवर नाहीत. असती तर फॉर्म लागलाच नसता.

दूरदेशी

उशिरा वाचतोय, इकडे रात्र आहे. मी अमेरिकेत लॅबमध्ये असतो, आहाराच्या बायोमार्करवर (खाल्लेल्याची रक्त-लघवीत सापडणारी खूण) काम आहे, म्हणून एक्सटर्नलच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल थोडं.

वर सगळ्यांनी फॉर्मची तुलना रिकॉलशी करा म्हटलंय. पण दोन्हींत उत्तर देणारी तीच बाई आहे. जिला फॉर्मवर तळलेलं कमी सांगावंसं वाटतं तिला रिकॉलमध्येही वाटणारच. मग दोन्हींतली चूक एकाच दिशेला जाते आणि जुळणी खोटी छान दिसते. तुम्ही स्पेनचा १४ प्रश्नांचा फॉर्म म्हणालात तो प्रेडिमेडवाला (भूमध्य आहारावरचा तिथला मोठा अभ्यास) असणार. त्याची तपासणी ७,१४६ जणांवर झाली, कोरिलेशन ०.५२ आलं, पण समोर काय होतं तर मोठी फूड फ्रिक्वेन्सी प्रश्नावली, म्हणजे कुठला पदार्थ किती वेळा खाता याची लांबलचक यादी. म्हणजे छोट्या फॉर्मची साक्ष मोठ्या फॉर्मने दिली.

यातून बाहेर पडायचं तर असं काहीतरी मोजावं लागतं जे माणसाच्या आठवणीवर आणि लाजेवर अवलंबून नाही. उष्मांकांसाठी डबली लेबल्ड वॉटर. ड्युटेरियम आणि ऑक्सिजन-१८ असलेलं पाणी प्यायला देतात आणि पुढचे दहा-चौदा दिवस लघवीत दोन्ही कोणत्या वेगाने कमी होतात ते बघतात. ऑक्सिजन पाणी आणि कार्बन डायऑक्साइड अशा दोन्ही वाटांनी बाहेर पडतो, ड्युटेरियम फक्त पाण्यातून, त्या फरकावरून माणसाने किती ऊर्जा खर्च केली ते निघतं, आणि वजन स्थिर असेल तर जेवढी खर्च तेवढीच खाल्ली. प्रोटीनसाठी २४ तासांच्या लघवीतला नायट्रोजन, मिठासाठी त्याच लघवीतलं सोडियम. लघवी पूर्ण जमवली की अर्धी संडासात गेली हे कळायला पाबाच्या गोळ्या देतात (हे रसायन जवळजवळ सगळं लघवीतून बाहेर पडतं), त्या लघवीत किती परत आल्या ते मोजायचं.

मेरीलंडमध्ये १९९९-२००० ला ओपन नावाचा अभ्यास झाला, ४८४ माणसं, सगळ्यांना हे पाणी दिलेलं. त्यात पुरुषांनी रिकॉलमध्ये उष्मांक १२ ते १४ टक्के कमी सांगितले आणि फूड फ्रिक्वेन्सी प्रश्नावलीत ३१ ते ३६ टक्के कमी. बायकांनी रिकॉलमध्ये १६ ते २० आणि प्रश्नावलीत ३४ ते ३८. म्हणजे ज्याला आपण पट्टी म्हणून वापरतो ती पट्टीच आखूड, आणि फॉर्म त्याहून आखूड. वजन जास्त असलेली माणसं आणखी कमी सांगतात, आणि हे तुमच्यासाठी महत्त्वाचं आहे, कारण मग "जास्त खाणाऱ्यांचं वजन कमी" असला उफराटा निष्कर्षही निघू शकतो.

बचत गटातल्या बायकांना ड्युटेरियम पाजा असं म्हणत नाहीये, परवडणार नाही. पण डेझर्टेशनमध्ये फॉर्म व्हॅलिड आहे असं न लिहिता दोन रिकॉलच्या तुलनेत इतका जुळतो असं लिहा, आणि दोन्हींची चूक एकाच बाजूची असू शकते हेही लिहा. एक्सटर्नलना तेवढंच हवं असावं.

फील्डवाली_ताई

अर्धं वरून गेलं पण लाजेचं मात्र शंभर टक्के खरं. फक्त इकडे एक उलटंही असतं हो, गरीब घरात पाहुण्यासमोर कमी नाही, जास्त सांगतात. डाळ रोज असते, भाजी दोन वेळा असते. भाकरी-चटणीवर दिवस काढला हे कोण सांगणार. तुमच्या अमेरिकेत बर्गर लपवतात, इथे उपास लपवतात.

दूरदेशी

हे फार मोलाचं आहे ताई. म्हणजे तिकडचा टक्का उचलून इकडे "एवढे वाढवून घ्या" अशी दुरुस्ती करणं धोक्याचं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या टीमने आसपासच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा जो अभ्यास केला, त्यात रिकॉल होतं, फूड फ्रिक्वेन्सीही होती आणि शिवाय रक्तातलं फोलेट (पालेभाजीतलं एक बी व्हिटॅमिन) आणि व्हिटॅमिन सीसुद्धा मोजलं होतं. पालेभाजी, फळं, दूध जास्त वेळा खाणाऱ्या बायकांची बाळं मोठी निघाली, आणि लाल पेशींतलं फोलेट जास्त असलेल्यांचीही. लाल पेशी खोटं बोलत नाहीत. ग्रॅमच्या भानगडीत न पडता किती वेळा खाल्लं एवढं विचारूनही कामाचं काही हाती लागतं याचं आपल्याकडचं उदाहरण म्हणून हे तुम्हाला वापरता येईल.

वांगीभरीत

बाप रे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आता माझा प्लॅन असा होतोय, बघा पटतं का. फॉर्म महिन्याचाच, चहा वेगळा. तेलाचा प्रश्न एकेकीला विचारण्याऐवजी महिन्याला घरात किती लिटर येतं आणि खाणारी तोंडं किती असं करते, कारण आपण किती चमचे खाल्लं हे मलाच सांगता यायचं नाही. १०० बायका, प्रत्येकी दोन रिकॉल, बाजाराचा वार बघून, श्रावणाच्या बाहेर. फॉर्म आधी, रिकॉल नंतर, नाहीतर रिकॉलमध्ये सगळं आठवून झालं की फॉर्म आपोआप सुधारेल. वीसेक जणींना तीन आठवड्यांनी फॉर्म परत, उत्तरं तीच येतात का ते बघायला. अल्फा गाईडसाठी परिशिष्टात टाकते.

पण एकाच दिशेच्या चुकीचं काय करू? रक्त-लघवी काहीच शक्य नाही, एथिक्स कमिटीला कळलं तरी सहा महिने जातील.

आकडेमोड्या

अल्फा परिशिष्टात 😂 राजकारण चांगलं जमतंय.

एक स्वस्त मार्ग आहे. एका जेवणापुरतं तरी सत्य स्वतःच्या हातात ठेवा. गटाच्या मीटिंगला जेवण ठेवा, वाढलेलं प्रत्येक ताट मोजा, उरलेलं मोजा, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन रिकॉल घ्या. अमेरिकेत शाळेतल्या मुलांवर असं बरंच काम झालंय, डबा खाताना लांबून बघायचं आणि दुसऱ्या दिवशी विचारायचं. तिथे दोन वेगळ्या चुका निघाल्या, खाल्लेलं विसरणं आणि न खाल्लेलं सांगणं. दुसरी चूक आपण धरतच नाही. यातून तुमचा महिन्याचा फॉर्म तपासला जाणार नाही, पण तुमची पट्टी किती वाकडी आहे आणि कुठल्या बाजूला, ते तर कळेल. एथिक्स अर्जात हे आत्ताच घाला, नंतर घुसवू नका. ताटं मोजणार हे बायकांना सांगायचं, दुसऱ्या दिवशी विचारायला येणार हेही सांगायचं, पण नेमकं काय विचारणार ते नाही, असं चालतं का कमिटीला विचारून घ्या.

फील्डवाली_ताई

हे मस्त आहे. पण ताटं मोजायला बसलीस की बायका लाजून कमी वाढून घेतील, म्हणून वजनकाटा स्वयंपाकघरात ठेव, पंगतीत नको, आणि वाढणारी गटाबाहेरची बघ. काटा एक ग्रॅमचा डिजिटल घे. भाजी, आमटी, भात, प्रत्येक पदार्थ वाढला की तेवढ्यापुरतं वजन लिहायचं, सगळं एकदम नाही. दुसऱ्यांदा वाढायला वाढपी फिरेल तिथेच गडबड होते, म्हणून एकसारखा डाव ठेव आणि किती डाव गेले ते लिहायला एक मुलगी उभी कर. आणि रिकामी ताटं आधी मोजून ताटाखाली नंबर चिकटव, मंडळाकडून भाड्याने आणलेली स्टीलची ताटं दिसायला एकसारखी असतात, वजनाला नसतात.